प्राचार्य आणि प्राध्यापकांना खुलं पत्र: मुलांच्या अनुभवांकडे पहिल्या वर्षापासून बघा

सन्माननीय प्राचार्य आणि प्राध्यापक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शिक्षण नुकतंच संपवून पहिल्या नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं हा गेली बरीच वर्षं माझ्या कामाचा भाग आहे. मुलाखतीच्या टेबलाच्या या बाजूला जे दिसतं ते तुमच्यापर्यंत सहसा पोचत नाही, कारण तोवर ती मुलं तुमच्या हाताखालून निघून गेलेली असतात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. करिअरचा विचार शेवटच्या वर्षावर आणि प्लेसमेंट सेलवर सोडू नका. मुलं कॉलेजात जे काही करतात, त्याबद्दल त्यांच्याशी पहिल्या वर्षापासून बोलत राहा.

माझ्यासमोर येणाऱ्या बायोडेटांमध्ये शेवटच्या परिच्छेदात बहुतेक वेळा तेच शब्द असतात: नेतृत्वगुण, टीमवर्क, संवादकौशल्य. कोणीतरी कोणाचं तरी बघून लिहिलेले. एका मुलीच्या बायोडेटात त्याच्या वर एक ओळ होती, ‘वार्षिक महोत्सव, स्वयंसेवक’. मी विचारलं, काय काम होतं? ती म्हणाली, “विशेष काही नाही, नोंदणीच्या टेबलावर बसले होते.” मी सोडलं नाही. मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली होती. तिच्या लक्षात आलं की पैसे आधी भरलेले आणि न भरलेले असे दोन्ही लोक एकाच रांगेत उभे आहेत, आणि तिच्या हातातली यादी पैसे भरल्याच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे प्रत्येक नाव शोधायला पानंच्या पानं उलटावी लागताहेत. त्या रात्री तिने यादी अकारविल्हे लावून पुन्हा छापून घेतली, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दोन रांगा केल्या, आणि पैसे न भरलेल्यांच्या रांगेत सुट्टे पैसे घेऊन एका मित्राला बसवलं. दुसऱ्या दिवशी रांग झालीच नाही.

हे तिने लिहिलं का नव्हतं? “ते काय सांगायचं मॅडम, ते काही काम थोडंच आहे.”

ते कामच होतं. अडचण कुठे आहे ते बघणं, तिचं कारण शोधणं, कोणी सांगितलेलं नसताना ते दुरुस्त करणं, हे ज्याला जमतं असा माणूस आम्ही शोधत असतो. पण माझा मुद्दा तिला नोकरी मिळण्यापुरता नाही. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की तिला अशा गोष्टी दिसतात, ज्या तिच्या शेजारी बसलेल्या चौघांना दिसल्या नव्हत्या. हे तिला दुसऱ्या वर्षी कळलं असतं, तर पुढचे विषय, प्रोजेक्ट, इंटर्नशिप तिने वेगळ्या नजरेने निवडले असते. ते तिला सांगायला त्या कॉलेजात एक माणूस पुरे होता. महोत्सव संपल्यावर कोणी तिला बसवून एवढंच विचारायला हवं होतं: काय केलंस, काय अडलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील?

अनुभवांची तुमच्याकडे कमतरता नाही. प्रयोगशाळा, ग्रुप प्रोजेक्ट, नाटक, मैदान, नियतकालिक, निवडणुका, ग्रंथालयातलं अर्धवेळ काम, ज्युनिअर मुलांना गणित समजावून सांगणं, सगळं आहे. कमतरता आहे ती त्या अनुभवांवर बोलण्याची.

करिअर मार्गदर्शन या विषयाला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. 1908 साली बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय उघडलं. त्यांचं सूत्र साधं होतं: स्वतःला नीट ओळखा, निरनिराळी कामं नीट समजून घ्या, आणि मग दोन्हींची विचारपूर्वक सांगड घाला. स्वतःला ओळखण्यासाठी ते समोरच्याला शंभरहून अधिक प्रश्न द्यायचे. त्याच वर्षी पार्सन्स वारले, त्यांचं लेखन वर्षभराने छापून आलं, पण ते सूत्र टिकलं. पुढे 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले: हातांनी काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन उद्योग करणारे आणि नीटनेटकी व्यवस्था लावणारे. आज तुमच्या कॉलेजात जी कल चाचणी होते, तिच्या मुळाशी बहुधा ह्याच दोघांपैकी कोणाची तरी मांडणी असते.

कल चाचणीला माझा विरोध नाही. तिच्यामुळे बोलायला सुरुवात होते. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘तुला लोकांना मदत करायला आवडतं का?’ असं विचारलं, तर तो जे उत्तर देतो ते त्याने स्वतःबद्दल ऐकलेलं असतं, अनुभवलेलं नसतं. रुग्णालयात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जाऊन आलेल्या मुलाला तोच प्रश्न विचारा. तो म्हणेल, रुग्णांशी बोलायला आवडतं, पण त्यांच्या चिडलेल्या नातेवाइकांसमोर मी गोठतो. किंवा म्हणेल, मला रुग्णांपेक्षा औषधांचा साठा लावण्यात जास्त रस वाटला. पार्सन्स यांच्या सूत्रातली पहिली पायरी कागदावर अर्धीच चढता येते. उरलेली अर्धी काम करून, आणि केलेल्या कामाकडे मागे वळून बघूनच चढावी लागते.

आणि त्या मागे वळून बघण्यातून पुष्कळदा जे हाती येतं, ते ‘हे मला नको’ असं असतं. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण कॉलेजांत आणि घरांत याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती असते.

चार्ल्स डार्विन 1825 साली, सोळाव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला गेला. वडील डॉक्टर होते, मुलाने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटत होतं. क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षं होती, शस्त्रक्रिया रुग्ण शुद्धीवर असतानाच व्हायच्या. डार्विनने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलाची होती, आणि तो त्या पुऱ्या व्हायच्या आत बाहेर पडला. पुन्हा कधी गेला नाही. दोन वर्षांनी त्याने वैद्यकशास्त्र सोडलं. आपल्याकडे याला ‘दोन वर्षं वाया घालवली’ असं म्हटलं गेलं असतं, आणि त्याच्या घरीही काही फार वेगळं म्हटलं गेलं नसावं. पण त्याच एडिंबरोत त्याने जॉन एडमन्स्टन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाकडे पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते टिकवण्याची विद्या शिकून घेतली होती. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांच्यासोबत तो समुद्रकिनाऱ्यावर लहान लहान जलचर गोळा करत हिंडला होता.

मग केंब्रिज, यावेळी धर्मोपदेशक होण्याच्या तयारीसाठी. तिथे तो भुंगेरे गोळा करण्याच्या नादाला लागला. दोन्ही हातांत दोन दुर्मीळ भुंगेरे असताना तिसरा दिसला, तेव्हा हात मोकळा करायला त्याने एक चक्क तोंडात टाकला. त्या भुंगेऱ्याने जीभ भाजणारा रस सोडला, आणि तोंडातला थुंकावा लागला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांनी हा नाद पाहिला. त्यांनी डार्विनला हसण्यावारी नेलं नाही, त्याला बहुतेक रोज फिरायला सोबत नेलं. इतकं की इतर प्राध्यापक त्याला ‘हेन्स्लोंबरोबर फिरणारा मुलगा’ म्हणून ओळखू लागले. हेन्स्लोंनीच त्याला भूशास्त्राकडे वळवलं, 1831 च्या उन्हाळ्यात भूशास्त्रज्ञ ॲडम सेजविक यांच्यासोबत वेल्समध्ये खडक बघायला जाण्याची सोय केली, आणि त्याच ऑगस्टमध्ये सर्वेक्षणाच्या सफरीवर निघणाऱ्या ‘बीगल’ जहाजावरच्या जागेबद्दल त्याला पत्र लिहिलं. पुढचं सर्वांना माहीत आहे.

या गोष्टीत डार्विनच्या बुद्धीपेक्षा मला हेन्स्लोंची नजर जास्त महत्त्वाची वाटते. विद्यार्थी वर्गाबाहेर कशात वेळ घालवतो आहे हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्यापैकी किती जणांना आपल्या वर्गातल्या निदान दहा मुलांबद्दल हे सांगता येईल?

हा प्रश्न मी आरोप म्हणून विचारत नाही. मोठे वर्ग, पेपर तपासणी, अहवाल, समित्या यांत तुमचा दिवस कसा जातो हे मी ऐकून आहे. पण याचं मोल किती मोठं आहे, याचा एक पुरावा समोर ठेवते. 2014 साली गॅलप ही पाहण्या करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी अमेरिकेतल्या 30,000 हून अधिक पदवीधरांची पाहणी केली. शिक्षण संपून काही काळ लोटल्यावर कामात मन लागतं का, आयुष्य बरं चाललं आहे का, हे विचारलं. कॉलेज सरकारी की खासगी, याने फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो काही अनुभवांनी. शिकण्यात गोडी लावणारे एक तरी प्राध्यापक भेटले का? आपली माणूस म्हणून काळजी घेणारे प्राध्यापक होते का? आपल्या स्वप्नांना बळ देणारा मार्गदर्शक मिळाला का? एक सत्र किंवा जास्त काळ चाललेला प्रोजेक्ट केला का? वर्गात शिकलेलं वापरता येईल अशी इंटर्नशिप किंवा नोकरी केली का? अभ्यासाबाहेरच्या एखाद्या उपक्रमात खरोखर बुडून गेलो का? प्राध्यापक आणि मार्गदर्शकाबद्दलच्या पहिल्या तिन्ही प्रश्नांना ठाम ‘हो’ म्हणणाऱ्यांचं मन कामात लागण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट होती. स्वतः करून बघितलेल्या कामाबद्दलच्या उरलेल्या तिन्हींचंही तसंच. आणि सहाच्या सहा गोष्टी ठामपणे मिळाल्या असं म्हणणारे होते 3 टक्के. आपल्या ध्येयासाठी प्रोत्साहन देणारा मार्गदर्शक लाभला असं ठामपणे सांगणारे फक्त 22 टक्के होते.

पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. उत्साही मुलांनाच चांगले मार्गदर्शक भेटत असतील. तरीही यादी पुन्हा एकदा वाचा. तिच्यात नवी इमारत नाही, महागडी यंत्रसामग्री नाही. यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या हातात आहेत.

इंटर्नशिपकडे येते. वर्ग आणि काम आलटून पालटून करण्याची कल्पना नवी नाही. 1906 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 27 इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर 1957 मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं, आणि आजही तिथले हजारो विद्यार्थी काही महिने वर्ग, काही महिने काम असे शिकतात. श्नायडर यांच्या कल्पनेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती परत येण्याची सोय. कारखान्यात जे अडलं ते घेऊन मुलगा पुढच्या सोमवारी वर्गात बसत असे, आणि तिथे जे समजलं ते घेऊन पुन्हा कारखान्यात जात असे.

आज इंटर्नशिप अनिवार्य केलेल्या पुष्कळ अभ्यासक्रमांत हे परत येणंच नाहीसं झालं आहे. मुलं शेवटच्या सत्रात बाहेर जातात आणि परत येतात ती फक्त सबमिशनपुरती. एका मुलाने मुलाखतीत मला त्याच्या इंटर्नशिपची डायरी दाखवली होती. प्रत्येक पानावर सही-शिक्का. आत लिहिलेलं: ‘आज विभागाची माहिती घेतली.’ पुढच्या पानावर: ‘आज विभागाची माहिती घेतली.’ पुढेही तेच. सही करणाऱ्याने ती वाचली नव्हती हे उघड होतं, आणि मुलालाही ती कोणी वाचेल असं वाटत नव्हतं. पण मी त्याला विचारलं, त्या दिवसांत सगळ्यात कंटाळवाणं काय होतं? तो लगेच बोलायला लागला. मालाची बिलं आणि पोचपावत्या जुळवायचं काम. रोज काही जुळायच्या नाहीत. का जुळत नाहीत ते त्याने शोधलं होतं: गोदामातले लोक मालाचं जुनं नाव लिहायचे, कार्यालयातले नवं. हे त्या डायरीत कुठेच नव्हतं. शिकला तो होता, पण त्या शिकण्याची नोंद त्याच्याजवळही नव्हती आणि कॉलेजजवळही नव्हती.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये अनुभवातून शिकण्याचं एक चक्र मांडलं: अनुभव घ्या, त्याकडे थांबून बघा, त्यातून काही सूत्र काढा, आणि ते नव्या ठिकाणी वापरून बघा. शिक्षणशास्त्र शिकलेल्या तुमच्यापैकी अनेकांना ते तोंडपाठ असेल. आपल्याकडच्या इंटर्नशिपमध्ये पहिली पायरी होते आणि एकदम प्रमाणपत्र हाती येतं. मधल्या दोन पायऱ्यांसाठी लागतो तो एक तास आणि एक ऐकणारा माणूस. म्हणून माझी विनंती आहे की डायरीवरच्या सह्या कमी करा आणि परत आलेल्या प्रत्येक मुलाशी पंधरा मिनिटं बोला. जाण्याआधीही बोला. ‘तुला तिथून काय शोधून आणायचं आहे?’ एवढा एक प्रश्न घेऊन गेलेला मुलगा वेगळं बघतो.

ग्रुप प्रोजेक्टचंही तसंच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आपण विषयाचे प्रश्न विचारतो, ते विचारायलाच हवेत. त्याबरोबर हेही विचारा: तुमच्यात काम कोणी वाटून दिलं, भांडण कशावरून झालं, ते कसं मिटलं, ज्याने काहीच केलं नाही त्याचं तुम्ही काय केलंत? यावर मुलं जितकं खरं बोलतात तितकं ती दुसऱ्या कशावरच बोलत नाहीत. एखादी मुलगी सांगते, कोड मला जमत नव्हता, पण सगळ्यांना वेळेवर एकत्र बसवायचं काम माझ्याकडे आपोआप यायचं. तिला तिथल्या तिथे सांगा की हे आपोआप आलेलं काम नीट बघ, जगात याच कामाचा पगार मिळतो.

माणसांशी ओळखी होणं हाही कॉलेजच्या अनुभवाचाच भाग आहे, आणि त्याबद्दल मुलांच्या मनात दोन टोकं असतात. काहींना वाटतं ‘ओळख’ म्हणजे वशिला. काहींना वाटतं नेटवर्किंग म्हणजे अनोळखी लोकांना ऑनलाइन विनंत्या पाठवत सुटणं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांना सांगा. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्यांच्याकडून माहिती कळली ती व्यक्ती तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायची? नेहमी भेटणारी, असं सांगणारे सुमारे 17 टक्के होते. अधूनमधून भेटणारी, सुमारे 56 टक्के. क्वचित भेटणारी, सुमारे 28 टक्के. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. 2022 मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासातही थोड्या सैल ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडतात असं दिसलं.

कॉलेज ही अशा सैल ओळखींची खाण आहे. दुसऱ्या शाखेतला नाटकातला सोबती, दोन वर्षं पुढचा कॅप्टन, प्रयोगशाळेतले सहायक, पाहुणे म्हणून येऊन गेलेले माजी विद्यार्थी. पण माजी विद्यार्थ्यांना आपण बोलावतो ते सत्काराला, आणि ते सांगतात यशाची कहाणी. मुलांना त्यातून धीर मिळतो, माहिती मिळत नाही. त्याऐवजी नोकरीला लागून तीन-चार वर्षंच झालेल्या साध्या माजी विद्यार्थ्यांना बोलवा, आणि मुलांना एक प्रश्न शिकवून ठेवा: “तुम्ही काल दिवसभर काय केलंत?” ‘या क्षेत्रात स्कोप आहे का’ याचं उत्तर कोणीही गुळगुळीत देऊ शकतो. कालच्या दिवसाचं उत्तर द्यायला लागलं की खरं काम दिसू लागतं. वकील सांगते की न्यायालयात उभी राहिले दहा मिनिटं, बाकी दिवस कागद वाचण्यात आणि वाट बघण्यात गेला. जाहिरात क्षेत्रातला मुलगा सांगतो की काल एका वाक्याचे चाळीस पर्याय लिहिले आणि सगळे परत आले. ऐकणाऱ्यांपैकी एखादीचे डोळे चमकतात, एखाद्याचा चेहरा पडतो. दोघांनाही त्या तासात वर्षभराच्या मार्गदर्शनाइतकं मिळालेलं असतं.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. तुमच्या वर्गात अशी मुलं असतात जी कोणत्याही कमिटीत नसतात, कुठल्या क्लबात नसतात, बिनपगारी इंटर्नशिपला नाही म्हणतात. प्राध्यापकांच्या खोलीत त्यांना ‘रस नसलेली मुलं’ म्हटलं जातं. यातली पुष्कळ मुलं कॉलेज सुटल्यावर दुकानात, गोदामात, शिकवणीत, कॉल सेंटरमध्ये काम करत असतात. काहींच्या घरी आजारी माणूस असतं, धाकटी भावंडं असतात. बायोडेटात ती हे लिहीत नाहीत, त्यांना त्याची लाज वाटते. रोज संध्याकाळी चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणारा, गल्ल्याचा हिशेब पैशापर्यंत जुळवून देणारा, पाळी बदलताना दुसऱ्याला काम नीट समजावून सोपवणारा मुलगा जे शिकलेला असतो, ते महोत्सवाच्या समितीत शिकता येतंच असं नाही. पदवीला असताना केलेल्या या कामाला तुम्ही कॉलेजच्या अनुभवाइतकंच मोजा. क्रेडिट देता येत असेल तर द्या. देता येत नसेल, तरी निदान वर्गात सर्वांसमोर हे अनुभव म्हणून उच्चारा. आणि बिनपगारी इंटर्नशिप सर्वांना सक्तीची करण्याआधी, दोन महिने मोबदल्याविना काम करणं कोणाला परवडतं, याचा विचार करा.

हे सगळं वाचून एखाद्या उत्साही कॉलेजने दर महिन्याला नवं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, तर मला दुःख होईल. प्रमाणपत्रांच्या जाडजूड फाईली घेऊन येणारी मुलं मी पाहते. एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांची ढिगाने प्रमाणपत्रं, आणि कशावरही दोन मिनिटं बोलता येत नाही. एका नाटकात तीन महिने प्रकाशयोजना केलेली मुलगी त्या फाईलवाल्यापेक्षा मला जास्त काही सांगू शकते. आणि तिने ते नाटक करिअरसाठी केलं नव्हतं, नाटकाच्या वेडाने केलं होतं. ते वेड तसंच राहू द्या. प्रत्येक गोष्ट बायोडेटासाठी करायची असते असं मुलांना वाटायला लागलं, तर ती कशातच बुडणार नाहीत, आणि बुडल्याशिवाय स्वतःबद्दल काही कळत नाही. आधी मनापासून करू द्या, बोलणं नंतर.

‘मुलांनी पहिल्याच वर्षी ध्येय ठरवावं’ असंही मी म्हणत नाही. करिअर समुपदेशनात आयुष्य घालवलेले जॉन क्रुंबोल्ट्झ स्वतः मानसशास्त्राकडे कसे वळले, ते सांगत असत. कॉलेजात मुख्य विषय निवडायची मुदत संपत आली होती, काय घ्यावं कळत नव्हतं. त्यांनी आपल्या टेनिसच्या प्रशिक्षकाला विचारलं. ते प्रशिक्षक मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी अर्थातच मानसशास्त्र सुचवलं. याच क्रुंबोल्ट्झ यांनी 1999 मध्ये सहकाऱ्यांसोबत योगायोगांचा उपयोग करून घेण्याची एक मांडणी केली. करिअरमध्ये योगायोगांचा वाटा मोठा असतो, आणि ते टिपता येण्यासाठी कुतूहल, चिकाटी, लवचिकपणा, आशावाद आणि थोडी जोखीम घ्यायची तयारी लागते, असं त्यांचं म्हणणं. टेनिसच्या मैदानावर गेलेच नसते तर तो योगायोग घडला नसता. पहिल्या वर्षाच्या मुलाला ध्येय नसलं तरी चालेल. त्याने या सत्रात काय करून बघितलं आणि त्यातून काय कळलं, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

तर आता नेमकं मागणं. दर सत्रात, प्रत्येक वर्षाच्या वेळापत्रकात, महिन्याला एक तास ठेवा. त्यात व्याख्यान नको, पाहुणा नको, पीपीटी नको. पंधरा-वीस मुलांचा गट आणि एक शिक्षक. प्रत्येकाने गेल्या महिन्यात केलेली एक गोष्ट सांगायची: काय केलं, कुठे अडलं, कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, काय पुन्हा करणार नाही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. मुलांनी ते स्वतःच्या वहीत दोन-चार ओळींत उतरवून ठेवायचं, आणि ती वही कोणी तपासायची नाही. शिक्षकाने फक्त ऐकायचं, आणि जे मुलाला स्वतःला दिसत नाही ते दिसलं तर सांगायचं. कॉलेजच्या अखेरीस प्रत्येकाकडे स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असा पुरावा असेल, ज्यातून मुलाखतीला काय बोलायचं हे शोधायला कोणत्याही प्रशिक्षण वर्गाची गरज उरणार नाही. प्लेसमेंट सेलचं कामही त्याने हलकं होईल.

मोठ्या वर्गांत हे जमायचं कसं, असं तुम्ही विचाराल. सगळे शिक्षक वाटून घ्या, ग्रंथपाल आणि क्रीडाशिक्षकांनाही गट द्या. मुलं त्यांच्याशी कदाचित जास्त मोकळी बोलतील. पहिलं सत्र अवघडल्यासारखं जाईल. मुलं म्हणतील, “काही केलंच नाही.” नोंदणीच्या टेबलावरची ती मुलगीही सुरुवातीला हेच म्हणाली होती. दुसरा प्रश्न विचारा, मग तिसरा.

पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावायला बसाल तेव्हा या तासाला जागा ठेवा, आणि तो शनिवारच्या शेवटच्या तासाला नको. पहिले काही महिने शिक्षकांना सोबत हवी असेल, तर माझ्यासारखी नोकरीच्या मुलाखती घेणारी माणसं गटात येऊन बसायला तयार आहेत. काय विचारायचं आणि उत्तरात काय ऐकायचं, हे आम्ही रोज करतो. बोलावणं पाठवा, आम्ही येऊ.

आपली नम्र,
नवोदितांच्या मुलाखती घेणारी एक